मल्ल, वस्ताद आणि पंच

भीम आणि दुर्योधन यांच्या गदायुद्धाची कथा मराठी घरांत लहानथोर सर्वांस ठाऊक असते. परंतु त्या वेळीं तेथें बलराम हजर होता, हें फारसें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. बलराम स्वतः गदायुद्धांत निष्णात होता, आणि समोर लढणारे दोन्ही वीर त्याचेच शिष्य होते. भीमानें दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारतांच त्याचा संताप अनावर झाला. कारण नाभीच्या खालीं प्रहार करूं नये, असा गदायुद्धाचा दंडक होता. तो नांगर उचलून भीमावर धांवून गेला, आणि श्रीकृष्णानें त्यास कसेंबसें आवरिलें. एकाच पुरुषाच्या ठिकाणीं येथें तीन भूमिका एकत्र आल्या आहेत. तो योद्धा आहे, गुरु आहे, आणि नियमाचा रक्षकही आहे. कमरेच्या पट्ट्याखालीं ठोसा मारूं नये, हा नियम आजच्या मुष्टियुद्धांतही आहे. आणि तो पाळला जातो कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं दोन योद्ध्यांच्या जवळ तिसरा मनुष्य उभा असतो. तेव्हां द्वंद्वक्रीडेचा विचार करावयाचा, तर केवळ लढणाऱ्या दोघांचा करून भागत नाहीं. शिकविणारा आणि निवाडा देणारा यांचाही केला पाहिजे.

मुष्टियोद्धा काय किंवा मल्ल काय, दोघांचेंही लढण्याचें वय फार अल्प. विसाव्या वर्षीं अंगांत आलेली चपळाई पस्तिशीच्या सुमारास ओसरूं लागते. वकील, वैद्य किंवा अध्यापक ज्या वयांत आपल्या व्यवसायांत स्थिरावतो, त्या वयांत या मनुष्याचा व्यवसाय आटोपलेला असतो, आणि पुढें तीस-चाळीस वर्षांचें आयुष्य उरतें. त्या आयुष्याचें काय होतें, आणि त्याच्या अंगीं मुरलेली विद्या कोठें जाते, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित समाजानें क्वचितच विचारला आहे. आमचें म्हणणें असें कीं, ज्या ठिकाणीं निवृत्त योद्ध्यास वस्ताद आणि पंच होऊं दिलें, त्या ठिकाणीं विद्या टिकली व वाढली. ज्या ठिकाणीं त्यास हार घालून घरीं पाठविलें, त्या ठिकाणीं ती एका पुरुषाबरोबरच मावळली. हें आम्ही तीन चरित्रांच्या आधारें दाखवूं इच्छितों. त्यांपैकीं दोन महाराष्ट्रांतील मल्लांचीं आहेत आणि तिसरें हरियाणांतील एका मुष्टियोद्ध्याचें आहे.

तत्पूर्वीं आपल्या मातींतील कुस्तीचा एक विशेष सांगितला पाहिजे. प्रतिपक्ष्याची पाठ मातीला लागून तो चीतपट झाला, कीं कुस्ती निकालांत निघाली. हा निकाल समजण्यास विद्वत्ता लागत नाहीं. अगदीं शेवटच्या रांगेंत बसलेल्या शेतकऱ्यासही तो दिसतो. शाहू महाराज १९०२ सालीं युरोपांत गेले असतां त्यांनीं रोम येथील प्राचीन क्रीडागृह पाहिलें, आणि त्याच धर्तीवर कोल्हापुरांत खासबाग मैदान उभारिलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. त्याची रचना गोल व उतरती आहे, ती याचसाठीं कीं प्रत्येक प्रेक्षकास आखाडा स्वच्छ दिसावा. अशा मैदानांत पंच असतो खरा, पण त्याच्या बरोबरीनें हजारों डोळे पाहत असतात, आणि उघड अन्याय करण्याची छाती सहसा कोणास होत नाहीं.

गादीवरील कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांचें तसें नाहीं. तेथें गुण मोजावे लागतात. कोणत्या पकडीस किती गुण, कोणता ठोसा ग्राह्य आणि कोणता अग्राह्य, फेरी किती मिनिटांची, दोन झुंजींमध्यें विश्रांति किती, आणि निकाल मान्य नसल्यास तक्रार कोणाकडे व किती वेळांत करावयाची, हें सर्व नियमांच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. हें पुस्तक ज्याच्या बाजूस कोणासही अवगत नाहीं, तो पैलवान कितीही बलवान असला तरी अर्धा निःशस्त्र होऊन उतरतो. आपण मातींतून गादीवर गेलों तेव्हां पैलवान पाठविले. नियम जाणणारा मनुष्य त्यांच्या पाठीशीं उभा करण्याचें मात्र आपणांस सुचलें नाहीं. त्याची किंमत ज्यांस द्यावी लागली, त्यांचें नांव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं सातारा जिल्ह्यांत कराडजवळील गोळेश्वर या गांवीं झाला. वडील स्वतः मल्ल असल्यामुळें कुस्तीचे पहिले धडे घरींच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलांत आणि पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांनीं प्रवासखर्च दिल्यामुळें ते लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धांस जाऊं शकले. मातींत वाढलेल्या या तरुणास गादीचा सराव नव्हता. तरी त्यांनीं फ्लायवेट गटांत सहावा क्रमांक मिळविला. या यशांत रीस गार्डनर नांवाच्या एका अमेरिकन मल्लाचा मोठा वांटा होता. गार्डनर स्वतः नामांकित मल्ल होते, आणि गादीवरील कुस्तीचें मर्म त्यांनींच खाशाबांस उलगडून दाखविलें. म्हणजे आपल्या मल्लास जो वस्ताद लाभला तो सातासमुद्रांपलीकडचा. एक योद्धा शिक्षक झाला तर थोडक्या अवधींत काय घडतें, याचें हें पहिलें उदाहरण.

१९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वीं निवडीच्या वेळीं मद्रास येथील स्पर्धेंत पंचांनीं एक गुण कमी दिल्यामुळें खाशाबांची निवड हुकूं पाहत होती, असें त्यांच्या चरित्रकथांत सांगतात. त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हां चांचणी झाली, आणि त्यांनीं प्रतिस्पर्ध्यास निर्विवादपणें चीत केलें. पुढचा प्रश्न पैशाचा होता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. या एका गोष्टीमुळें अध्यापकवर्गाची मान कायमची उंचावली आहे, असें आम्ही मानतों.

हेलसिंकीस खाशाबा बँटमवेट गटांत उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांस त्यांनीं हरविलें. पुढें जपानच्या शोहाची इशी याच्याशीं त्यांची प्रदीर्घ झुंज झाली आणि ती थोडक्यांत हातची गेली. त्या दमछाकीनंतर लगेच त्यांस सोव्हिएट रशियाच्या रशीद ममेदबेयोव्ह याच्याशीं लढण्यास बोलाविण्यांत आलें. दोन झुंजींमध्यें निदान अर्ध्या तासाची विश्रांति मिळावी असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून हरकत घेणारा एकही भारतीय अधिकारी तेथें हजर नव्हता, असें सांगितलें जातें. थकलेले खाशाबा ती झुंज हरले. इशीस सुवर्णपदक, ममेदबेयोव्ह यास रौप्यपदक, आणि खाशाबांस कांस्यपदक मिळालें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें वैयक्तिक स्पर्धेंत मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेंत कोल्हापूरकडचेच केशव माणगांवे फेदरवेट गटांत चौथे आले.

आतां वाचकांनीं क्षणभर थांबून पाहावें. अर्धा तास विश्रांति मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता, असें छातीठोकपणें कोण म्हणेल? ममेदबेयोव्ह हाही कसलेला मल्ल होता. परंतु त्या अर्ध्या तासावर खाशाबांचा हक्क होता, आणि हक्क मागण्यास एक मनुष्य लागतो. प्राचार्यांनीं घर गहाण ठेविलें, गांवकऱ्यांनीं वर्गणी दिली, मल्लानें घाम गाळिला. पण नियम जाणणाऱ्या एका मनुष्याची उणीव यांपैकीं कशानेंही भरून निघाली नाहीं. त्याग पुष्कळ होता, व्यवस्था नव्हती. आमच्या मतें हेलसिंकीचा खरा धडा हाच आहे. मात्र पदकाच्या आनंदांत तो कोणी घेतला नाहीं.

खाशाबा परतले तेव्हां कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत सब-इन्स्पेक्टर झाले. खात्याच्या स्पर्धा त्यांनीं गाजविल्या आणि खात्यांतील खेळाडूंना शिकविलेंही. पण बढतीसाठीं त्यांस फार काळ तिष्ठावें लागलें, आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाल्यावर पेन्शनसाठींही झगडावें लागलें. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचें निधन झालें. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो मृत्यूनंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. २०१० सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलांतील कुस्तीच्या सभागृहास त्यांचें नांव दिलें गेलें. हे सन्मान योग्यच आहेत. परंतु सन्मान म्हणजे विद्येचा वारसा नव्हे. गादीवर जगांतील पहिल्या तीन मल्लांत बसलेला पुरुष तीस वर्षें आपल्यांत वावरत होता. त्यानें जें पाहिलें व भोगिलें, तें पुढच्या पिढीच्या हातीं पद्धतशीरपणें सोंपविण्याची सोय आपण केली नाहीं. कुस्तींतील दुसरें ऑलिंपिक पदक भारतास मिळालें तें सुशीलकुमार यांच्याकडून, २००८ सालीं. मध्यें ५६ वर्षें गेलीं. या दीर्घ दुष्काळास इतरही कारणें आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण अनुभवाची ही उधळपट्टी त्यांपैकीं एक खचित आहे.

याच्या उलट दुसरें चरित्र गणपतराव आंदळकर यांचें. सांगली जिल्ह्यांतील शिराळा तालुक्याच्या पुनवत गांवचा हा मल्ल १९६० सालीं हिंदकेसरी झाला. १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत त्यांनीं ग्रीको-रोमन कुस्तीच्या हेवीवेट गटांत सुवर्णपदक मिळविलें, आणि १९६४ सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार लाभला. परंतु त्यांचें खरें मोठेपण त्यापुढें सुरू होतें. लंगोट उतरविल्यावर ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमींत वस्ताद म्हणून उभे राहिले. पहांटे उठून पोरांच्या जोरबैठका मोजणें, कोणाची कोणाशीं जोड लावावी हें ठरविणें, कोणास थोपवावें आणि कोणास मैदानांत सोडावें याचा अंदाज घेणें, हें काम वर्तमानपत्रांत छापून येत नाहीं. तें त्यांनीं वर्षानुवर्षें केलें, आणि कुस्तीच्या संघटनेच्या कारभारांतही लक्ष घातलें. १६ सप्टेंबर २०१८ रोजीं ते वारले, तेव्हां त्यांच्या हाताखालून गेलेल्या मल्लांची एक परंपराच मागें राहिली होती.

त्या परंपरेंतील एक ठळक नांव दादू चौगुले यांचें. मोतीबागेंत तयार झालेल्या या मल्लानें १९७० व १९७१ अशीं लागोपाठ दोन वर्षें महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली, आणि १९७४ सालीं ख्राइस्टचर्च येथील राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्यपदक आणिलें. पुढें तेही त्याच तालमीचे वस्ताद झाले. त्यांचे चिरंजीव महाराष्ट्र केसरी झाले, आणि २०१८ सालीं दादूंस ध्यानचंद पुरस्कार मिळाला. तो ज्यांनीं खेळांतून निवृत्त झाल्यावरही खेळाची सेवा केली त्यांच्यासाठीं असे. खाशाबांची विद्या त्यांच्याबरोबर गेली आणि आंदळकरांची मागें राहिली, याचें कारण काय? दोघांच्या योग्यतेंत उणेंअधिक होतें असें नव्हे. उलट पदकाच्या मापानें पाहिल्यास खाशाबाच वरचढ. कारण एवढेंच कीं, एकास तालीम मिळाली आणि दुसऱ्यास कचेरी मिळाली.

तिसरें चरित्र कॅप्टन हवासिंग यांचें. भिवानीजवळील उमरवास गांवीं १९३७ सालीं जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा १९५६ सालीं सैन्यांत भरती झाला आणि तेथें मुष्टियुद्ध शिकला. १९६१ पासून पुढें अकरा वेळां तो राष्ट्रीय हेवीवेट विजेता ठरला. १९६६ आणि १९७० या दोन्ही सालीं बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत त्यानें सुवर्णपदक जिंकलें. निवृत्तीनंतर हवासिंग भिवानीस परतले आणि मुलांना ठोसे शिकवूं लागले. भिवानी म्हणजे कांहीं राजधानी नव्हे. कोरड्या मुलखांतील जिल्ह्याचें गांव. १९९९ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांस जाहीर झाला, आणि ऑगस्ट २००० मध्यें ते निवर्तले. त्यांच्या मागून आठ वर्षांनीं बीजिंग ऑलिंपिकला भारताचे पांच मुष्टियोद्धे गेले. त्यांपैकीं चौघे भिवानीचे होते, आणि त्यांतील विजेंदरसिंग यांनीं या खेळांतील भारताचें पहिलें ऑलिंपिक पदक मिळविलें. हे चौघे सर्वस्वीं हवासिंगांचे शिष्य होते असें नाहीं. जगदीशसिंग आदि पुढच्या पिढीच्या शिक्षकांनीं त्यांना घडविलें. पण एका गांवांत शिक्षकांची पिढी निर्माण होणें, हेंच तर पहिल्या वस्तादाचें फळ होय.

वस्तादाचें महत्त्व आतां बहुतेकांस पटलें असेल. पंचाचें पटण्यास मात्र वेळ लागतो, कारण चांगला पंच कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं आणि वाईट पंचास जग विसरत नाहीं. १९८८ सालीं सोल ऑलिंपिकच्या अंतिम झुंजींत अमेरिकेच्या रॉय जोन्स यानें कोरियाच्या पार्क सी-हून यास ८६ ठोसे मारिले व स्वतः ३२ खाल्ले, अशी गणना झाली. तरी परीक्षकांनीं तीन विरुद्ध दोन मतांनीं कोरियाच्या योद्ध्यास विजयी ठरविलें. त्या निकालाची एवढी नाचक्की झाली कीं, पुढच्या ऑलिंपिकपासून गुण मोजण्यास यंत्र आणावें लागलें. यंत्र आलें, पुढें गेलें, पण संशय गेला नाहीं. २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकनंतर तेथील सर्वच्या सर्व ३६ पंच व परीक्षक बाजूला केले गेले. अखेर मुष्टियुद्धाच्या जागतिक संस्थेची मान्यताच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०२३ सालीं काढून घेतली. खेळ कितीही जुना आणि लोकप्रिय असला, तरी निवाड्यावरचा विश्वास उडाला कीं त्याचा पाया कसा खचतो, हें यावरून दिसतें. ज्यानें स्वतः ठोसे खाल्ले आहेत, त्यास कोणता ठोसा खरोखर लागला आणि कोणता हातमोज्यावर आदळला, हें अधिक कळतें. तेव्हां निवृत्त योद्ध्यासारखा पंच नाहीं, पण एका अटीवर. त्यानें नियमांचा अभ्यास करून परीक्षा दिली पाहिजे, आणि आपल्या गांवाचा, शिष्याचा व जातीचा विसर पाडून बसलें पाहिजे. बलरामाचा ओढाही दुर्योधनाकडे होता, हें आपण विसरूं नये.

आतां कोणी म्हणेल कीं, कोल्हापूरच्या तालमी आणि भिवानीचे योद्धे यांचें आम्हां राजुऱ्याकडील लोकांस काय? आमच्या मतें या विवेचनाचा सर्वांत अधिक उपयोग आमच्यासारख्या भागांसच आहे. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या व पुढें त्याच राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. भाषावार रचनेंत तो नांदेडास जोडला गेला, आणि १९५९ सालीं चांदा जिल्ह्यांत आला. अशा ओढाताणींत शाहू महाराजांसारखा कुस्तीचा आश्रयदाता या मुलखास कोठून लाभणार? परंतु येथील पोरांच्या अंगीं ताकद नाहीं, असें कोणीं म्हणूं नये. मे २०१८ मध्यें याच जिल्ह्यांतील देवाडा व बोर्डा येथील शासकीय आश्रमशाळांचे पांच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोंचले. ज्या मुलांनीं बर्फ कधीं पाहिलें नव्हतें, त्यांस निवडून कित्येक महिने जाणत्या शिक्षकांकडून टप्प्याटप्प्यानें शिकविलें, तेव्हां हें घडलें. ताकद पूर्वींही होती; नवीन आला तो शिक्षक.

मुष्टियुद्धाचेंच उदाहरण हवें असेल तर तेंही फार लांब नाहीं. निजामाबाद हें शहर एके काळीं राजुऱ्याप्रमाणेंच हैदराबाद राज्यांत होतें. तेथें समसमुद्दीन नांवाच्या, स्वतः मुष्टियोद्धा असलेल्या शिक्षकानें गांवच्या मुलांना शिकविण्याचें व्रत घेतलें. त्यांचे चिरंजीव महंमद हुसामुद्दीन यांनीं २०१८ व २०२२ सालच्या राष्ट्रकुल स्पर्धांत कांस्यपदकें मिळविलीं. आणि त्याच शहरांत ज्या मुलीनें हातमोजे चढविले व ज्यांच्याकडे आरंभीचे धडे घेतले, ती निखत जरीन २०२२ आणि २०२३ या लागोपाठच्या सालीं जगज्जेती झाली. मुलीनें ठोसे मारण्यास शिकावें कीं नाहीं, यावर कुजबुज करणारे लोक निजामाबादेसही होतेच. पण शिकविणारा खंबीर असला कीं कुजबुज हळूहळू विरून जाते.

विदर्भांतही या विचाराची परंपरा आहे. अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं स्थापिलें. १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं त्या मंडळाच्या तरुणांनीं मल्लखांबादि देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. पण मंडळाचें त्याहून टिकाऊ कार्य म्हणजे व्यायामशिक्षक तयार करण्याचें. एक मल्ल तयार केला तर एक कुस्ती जिंकते. एक शिक्षक तयार केला तर एक तालुका उभा राहतो, हें त्या संस्थापकांनीं ओळखिलें होतें.

मल्ल दैवयोगानें कोठेंही जन्मास येतो. गोळेश्वरास येतो, उमरवासला येतो, उद्यां राजुऱ्याच्या कोळशाच्या खाणीवरील एखाद्या मजुराच्या घरींही येईल. वस्ताद आणि पंच मात्र दैवानें मिळत नाहींत. ते समाजास बुद्ध्या घडवावे लागतात. ज्या शाळेच्या पटांगणांत एखादा निवृत्त पैलवान संध्याकाळीं मुलें गोळा करूं लागेल, तेथें सुशिक्षित गृहस्थांनीं आपला मुलगा आणि मुलगीही पाठवावी; त्या पैलवानास नियमांचें पुस्तक वाचून दाखवावें, पंचाच्या परीक्षेस बसण्यासाठीं अर्ज लिहून द्यावा, आणि त्याच्या शिकविण्याचा योग्य मोबदला वेळच्या वेळीं पोहोंचवावा. प्राचार्य खर्डेकरांप्रमाणें घर गहाण ठेवण्याचें धैर्य सर्वांस होणार नाहीं. पण एका अनुभवी मनुष्यास उरलेल्या तीस वर्षांसाठीं योग्य जागा देणें, हें कोणत्याही गांवाच्या शक्तीबाहेरचें नाहीं.